फ्लिन फ्लॉनचं काय झालं, वहिनी?

“पॅट्स काही हलले नाहीत, ताई. बाकी बहुतेकांची बिऱ्हाडं फिरतीवर.”

वहिनींचं बोलणं असं मधूनच सुरू होतं. आपण टोमॅटोला पाणी घालत असतो आणि कुंपणापलीकडून एकदम निकालच ऐकू येतो. वहिनी मूळच्या नागपूरच्या, पण त्यांचं आयुष्य इथं कॅनडात, रिजायनात गेलं. मी सांगलीची, मुलाकडे उन्हाळ्यापुरती आलेली. लाकडी कुंपणावर दोघींनी कोपर टेकले की ऑगस्टातला उजेड निदान साडेआठपर्यंत पुरतो. त्यांच्याकडे मेथी, आमच्याकडे टोमॅटो, आणि विषय बहुतेक वेळा एकच: वेस्टर्न हॉकी लीग. म्हणजे सोळा ते वीस वर्षांच्या पोरांची बर्फावरची हॉकी. मला आधी वाटलं होतं, वहिनी साड्या आणि भिशीबद्दल बोलतील. त्यांनी मला रिजायना पॅट्सचा गोलकीपर कुठल्या गावचा ते सांगितलं.

“पॅट्स म्हणजे पॅट्रिशिया,” त्या म्हणाल्या. “व्हिक्टोरिया राणीची नात. तिचे वडील इथले गव्हर्नर जनरल. तिच्या नावाची पलटण निघाली 1914 मध्ये, अन् त्या पलटणीवरून ही टीम, 1917 ची. पहिलं महायुद्ध संपलंसुद्धा नव्हतं! तेव्हापासून ह्या गावात आहे.”

“म्हणजे शंभरी उलटली की ओ.”

“तर! 1919 मध्ये मेमोरियल कप निघाला, लढाईत गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी. पहिल्याच वर्षी आपले पॅट्स फायनलला. समोर कोण? टोरंटोच्या विद्यापीठाच्या शाळेची पोट्टी. दोन सामने झाले. मिळून किती गोल खाल्ले असतील?”

“पाच-सहा?”

“एकोणतीस. आपले आठ.”

हे सांगताना वहिनींच्या चेहऱ्यावर जी कळा आली, ती पाहून कोणालाही वाटावं की त्या स्वतः तिथे बाकावर बसल्या होत्या. मग लगेच सावरून त्यांनी 1925, 1930 आणि 1974 हे जिंकलेले कप मोजून दाखवले. 1928 चा राहिला तो मोनार्क्स ह्या नावानं जिंकलेला, म्हणून त्याची गणती त्या वेगळ्या सुरात करतात, सख्खा पण दत्तक दिलेला असावा तशी.

“पण लीग तर 1966 ची ना?”

“त्याचीच तर गंमत आहे.” इथं वहिनी जरा पुढे झुकल्या. गप्पांत खरा माल आला की त्यांचा आवाज खाली जातो. “आधी सगळा कारभार कॅनडाच्या हौशी हॉकीच्या मंडळाकडे. प्रत्येक प्रांताची आपापली लीग. एडमंटनमध्ये एक माणूस होता, बिल हंटर. लोक त्याला ‘वाइल्ड बिल’ म्हणायचे, यावरून काय ते समजा. त्याचे ऑइल किंग्ज एवढे तगडे होते की अल्बर्टात त्यांच्यासमोर उभं राहायला कोणी नाही. त्याला तोलामोलाचे प्रतिस्पर्धी पाहिजेत. ते कुठं? आपल्या सस्कॅचेवानमध्ये. मग हा, एस्टेव्हानचा स्कॉटी मन्रो, रिजायनाचा डेल विल्सन, सॅस्कटूनचा जिम पिगट, यांनी मिळून वेगळी चूल मांडली. सात टीम. एडमंटन, कॅलगरी, अन् पाच आपल्याकडच्या: रिजायना, सॅस्कटून, मूस जॉ, एस्टेव्हान, वेबर्न.”

“मंडळानं खपवून घेतलं?”

“कसलं! बंडखोर लीग म्हणून शिक्का मारला. मेमोरियल कपला खेळायचं नाही म्हणे. पहिल्या वर्षी मूस जॉ जिंकलं, पण कपापर्यंत जायची वाट बंद. दोन वर्षांत आपले पॅट्स, मूस जॉ अन् वेबर्न घाबरून मागे फिरले, सस्कॅचेवानच्या जुन्या लीगमध्ये. 1970 मध्ये पॅट्स परत आले. तोवर मंडळालाही कळून चुकलं होतं की चांगली पोरं ज्या घरात आहेत ते घर वाळीत टाकून चालत नाही.”

मला वाटतं, भारतात राहून क्रिकेटच्या मंडळाचं राजकारण पाहिलेल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. हंटरचं पुढे काय झालं तेही वहिनींना ठाऊक. त्यानं 1983 मध्ये सेंट लुईसची मोठी, एनएचएलची टीम विकत घेऊन सॅस्कटूनला आणायचा घाट घातला होता. एनएचएलच्या मालकांनी मतदान करून हाणून पाडला. “सॅस्कटूनला!” वहिनी म्हणाल्या. “गहू अन् थंडी सोडून तिथे काय आहे?” रिजायनाचा माणूस सॅस्कटूनबद्दल असंच बोलतो. दोन गावांत अडीचशे किलोमीटर अंतर आहे आणि वैर पुणे-मुंबईच्या वरचं.

“मग बिऱ्हाडं कोणाची हलली?”

“एस्टेव्हानपासूनच घ्या. छोटं गाव, कोळशाचं अन् तेलाचं. मन्रोची तिथली टीम, ब्रुइन्स, 1971 मध्ये गेली पार ब्रिटिश कोलंबियाला, व्हँकुव्हरच्या शेजारी न्यू वेस्टमिन्स्टरला. तिथे कोच पंच मॅक्लीन. दांडगाईसाठी प्रसिद्ध, पण 1977 अन् 1978, लागोपाठ दोन मेमोरियल कप. झालं? मग 1981 मध्ये ती टीम पुन्हा गाठोडं बांधून कॅमलूप्सला. तिथे त्यांचे ब्लेझर्स झाले. ब्लेझर्सनी 1992, 1994, 1995, चार वर्षांत तीन कप. जरोम इगिन्ला ऐकलाय? शेवटच्या दोन कपांत तो होता.”

“म्हणजे कॅमलूप्सचे कप मुळात एस्टेव्हानचे.”

“हे तुम्ही एस्टेव्हानला जाऊन म्हणा, चहा पाजतील. पण ऐका, इथं गोंधळ आहे. 1983 मध्ये न्यू वेस्टमिन्स्टरला परत ब्रुइन्स नावाची टीम आली. तेच नाव, पण कूळ वेगळं. ही मूळची कॅलगरीची, 1966 ची. तिथून 1977 मध्ये अमेरिकेत मोंटानात बिलिंग्जला गेली, 1982 मध्ये नॅनाइमोला, 83 मध्ये न्यू वेस्टमिन्स्टरला, अन् 88 मध्ये वॉशिंग्टन राज्यात, ट्राय-सिटीला. अजून तिथेच आहे.”

“आणि कॅलगरीत मागं काय राहिलं?”

“कॅलगरीची 77 मध्ये बिलिंग्जला गेली, त्याच वर्षी विनिपेगची कॅलगरीला आली. दहा वर्षं काढली, अन् मग लेथब्रिजला. लेथब्रिजची कुठं गेली? स्विफ्ट करंटला. ती स्विफ्ट करंटचीच होती नं! 1974 मध्ये गेलेली, 1986 मध्ये घरी परतली.”

मी पाण्याची नळी बंद केली. कुंपणावर बोटानं गावांची नावं काढत मी ती साखळी जुळवायचा प्रयत्न केला. लेथब्रिजला ही स्विफ्ट करंटची टीम, ब्रॉन्कोज, होती त्या बारा वर्षांत तिथून एकाच घरातले सहा सख्खे भाऊ खेळून गेले, सटर आडनावाचे, व्हायकिंग नावाच्या अल्बर्टातल्या खेड्यातल्या शेतावरचे. सहाही पुढे एनएचएलला पोचले. “सहा मुलगे,” वहिनी म्हणाल्या, “अन् ती माय त्यांचे कपडे धूत असेल. तिच्या नावाचा कप कोणी काढला नाही.” त्यातल्या ब्रेंटनं नंतर रेड डिअरची टीम विकत घेतली आणि 2001 मध्ये मेमोरियल कप जिंकला. ही माहिती वहिनींनी ओझरती दिली. त्यांचं लक्ष मायमाऊलीकडेच होतं.

“फ्लिन फ्लॉनचं काय झालं, वहिनी? तुम्ही परवा अर्धवट सोडलं होतं.”

“बाप्पा! त्याला वेळ लागतो. घरात गॅसवर काही नाही नं?”

काही नव्हतं.

फ्लिन फ्लॉन हे मॅनिटोबातलं गाव, पार उत्तरेला, आणि सस्कॅचेवानची सीमा गावातूनच जाते. तांबं, जस्त यांची खाण होती, 2022 पर्यंत. खाणीशिवाय गावाला दुसरं कारण नव्हतं. नावही एका स्वस्तातल्या कादंबरीतलं. तिचा नायक जोसाया फ्लिंटाबॅटी फ्लोनाटिन. ती कादंबरी कोणा सोनं शोधणाऱ्याच्या हाती लागली आणि त्या नायकाचंच नाव खडकाला चिकटलं. आज त्याचा पुतळा गावाच्या तोंडाशी उभा आहे. पुतळा कादंबरीतल्या माणसाचा! मी वहिनींना दोनदा विचारून घेतलं.

“त्या गावची टीम बॉम्बर्स,” वहिनी म्हणाल्या. “1957 मध्ये त्यांनी ओटावाला हरवून मेमोरियल कप नेला. राजधानीच्या टीमला. खाणीतल्या गावानं. पण खरी धमाल त्याच्या दहा वर्षांनंतर. 1967 मध्ये ते ह्या बंडखोर लीगमध्ये आले. कोच पॅडी जिनेल. पोरं सकाळी खाणीच्या कंपनीत कामाला, दुपारी बर्फावर. दुसऱ्या गावची टीम फ्लिन फ्लॉनला जायची म्हटलं की पोटात गोळा. रात्रभर बस, वाटेत झाडं अन् झाडं, तिथे पोचल्यावर ह्यांची धक्काबुक्की, अन् प्रेक्षक अगदी अंगावर. म्हणे कित्येक खेळाडूंना त्या बसमध्येच एकदम ताप यायचा.”

“फ्लिन फ्लॉनचा ताप.”

“तसंच म्हणायचे! अन् त्या टीममध्ये बॉबी क्लार्क. त्याच गावचा. चष्मा, पुढचे दात पडलेले, अन् मधुमेह. पोरवयापासून इन्सुलिन घेणारा. त्याच्या जोडीला रेजी लीच, मॅनिटोबातल्याच रिव्हर्टनचा, ओजिब्वे. 1967-68 मध्ये लीचनं 87 गोल केले. अन् क्लार्कचे 168 पॉइंट. एका मोसमात, ताई.”

पॉइंट म्हणजे गोल आणि गोलला दिलेला हात, यांची बेरीज, हे मला आता समजतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला समजत नव्हतं.

“अन् तरी एनएचएलवाले त्याला घ्यायला बिचकत होते. मधुमेही पोरगं, टिकेल का? जिनेलनं काय केलं, त्याला घेऊन अमेरिकेत मेयो क्लिनिकला गेला. डॉक्टरांकडून लिहून घेतलं की नीट काळजी घेतली तर हा खेळू शकतो. तो कागद घेऊन दारोदार. तरी 1969 च्या निवडीत पहिल्या फेरीत कोणी घेतलं नाही. सतराव्या नंबरावर फिलाडेल्फियानं उचलला. त्यानं कर्णधार म्हणून 1974 अन् 75, दोन स्टॅन्ली कप जिंकून दिले. दुसऱ्या वेळी लीचही सोबत.”

मला ह्या सगळ्यात कोचचा तो कागद आवडला. गोल, कप हे ठीक आहे. पण एका खाणगावातला मारकुटा कोच पोराला घेऊन एवढ्या लांबच्या दवाखान्यात जातो, हे कुठल्याच स्कोअरबोर्डावर येत नाही.

“मग टीम गेली कशी?”

“पैसा हो. लीग पश्चिमेला पसरत गेली. 1976 मध्ये हंटरवाली एडमंटनची टीम अमेरिकेत पोर्टलंडला गेली. पुढच्या वर्षी सिअ‍ॅटल अन् बिलिंग्ज. 78 मध्ये लीगनं नावातून ‘कॅनडा’ काढूनच टाकलं. आता फ्लिन फ्लॉनहून पोर्टलंडला बस कशी न्यायची? त्याच वर्षी बॉम्बर्स एडमंटनला हलवले, तिथून वर्षभरात मोंटानातल्या ग्रेट फॉल्सला, तिथून स्पोकेनला. अन् बंद पडले. संपलं.”

“अरेरे.”

“अरेरे कशाला? नाव गावात राहिलं नं. बॉम्बर्स आज सस्कॅचेवानच्या धाकट्या लीगमध्ये खेळतात, ज्युनियर ए म्हणतात ती. गाव मॅनिटोबाचं अन् लीग सस्कॅचेवानची, पण त्यांना कोण विचारतं. प्लेऑफमध्ये प्रेक्षक बर्फावर मूसची तंगडी फेकतात.”

“कसली तंगडी?”

“मूस हो, मोठ्ठं सांबरासारखं जनावर. त्याचा खरा पाय.”

मी शाकाहारी नाही, पण तेवढ्यापुरती झाले.

वहिनींना सॅस्कटूनवर बोलायचं असतं तेव्हा त्या आधी हसतात. सॅस्कटून ब्लेड्स ही स्थापनेपासून एकही वर्ष न चुकता, एकाच गावात, ह्याच लीगमध्ये राहिलेली एकमेव टीम. निष्ठेचा कप असता तर तो त्यांचाच. पण लीगचं अजिंक्यपद? एकदाही नाही. 1989 मध्ये मेमोरियल कप सॅस्कटूनलाच भरला, यजमान म्हणून ते फायनलला पोचले, सामना बरोबरीत, जादा वेळ, आणि गोल स्विफ्ट करंटच्या टिम टिसडेलनं केला. 2024 मध्ये उपान्त्य फेरीत सातव्या सामन्यात मूस जॉकडून हरले, आणि मूस जॉच्या आताच्या टीमनं पुढे जाऊन आपलं पहिलं अजिंक्यपद घेतलं. “अन् 2023 मध्ये?” मी मुद्दाम विचारलं, कारण हे मला मुलानं सांगून ठेवलं होतं.

वहिनींचं हसू मावळलं. 2023 मध्ये ब्लेड्सनी पॅट्सना पहिल्याच फेरीत घरी पाठवलं होतं, आणि तेव्हा पॅट्सकडे कॉनर बेडार्ड होता. पंधराव्या वर्षी खेळायची खास परवानगी मिळालेला ह्या लीगमधला पहिला मुलगा. त्या मोसमात 57 सामन्यांत 143 पॉइंट. तो उन्हाळ्यात शिकागोकडे पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, पण रिजायनाला त्यानं प्लेऑफची एकही फेरी जिंकून दिली नाही.

“त्यानं दिली नाही असं नका म्हणू,” वहिनी एकदम म्हणाल्या. “सतरा वर्षांचं लेकरू. बाकीच्यांनी काय केलं ते बोला.”

स्विफ्ट करंटचं नाव निघालं की त्या हळू होतात. 30 डिसेंबर 1986. ब्रॉन्कोज घरी परतल्याचा तो पहिलाच मोसम. गावातल्या लोकांनी पैसे घालून टीम परत आणलेली. आजही ती गावाच्या मालकीची आहे. बस रिजायनाकडे निघाली, पॅट्सशी खेळायला. गावाबाहेर पडते न पडते तोच रस्त्यावरच्या बर्फावरून घसरली. मागच्या बाकांवर पत्ते खेळत बसलेली चार मुलं गेली. लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार आज ‘फोर ब्रॉन्कोज’च्या नावानं दिला जातो. त्या बसमधून वाचलेल्यांत जो सॅकिक होता, जो पुढे एनएचएलचा मोठा खेळाडू झाला. तीन वर्षांच्या आत त्याच टीमनं मेमोरियल कप जिंकला, तो टिसडेलच्या गोलवर.

“सिनेमासारखं वाटतं नं? इथं आमच्याकडे बरीच वर्षं सगळे तसंच सांगायचे. संकटातून उभी राहिलेली टीम, अन् तिला उभी करणारा कोच. ग्रॅहम जेम्स.” वहिनींनी मेथीची एक काडी तोडली. “तो माणूस आपल्याच खेळाडूंवर लैंगिक अत्याचार करत होता. वर्षानुवर्षं. शेल्डन केनेडी उघडपणे बोलला, तेही त्याच बसमधून वाचलेलं पोरगं. 1997 मध्ये जेम्सनं गुन्हा कबूल केला. साडेतीन वर्षं शिक्षा. साडेतीन! केनेडी पुढच्या वर्षी चाकाच्या बुटांवर अख्खा कॅनडा ओलांडून गेला, अत्याचार झालेल्या मुलांसाठी पैसा उभा करायला. आता मला कोणी येऊन ‘कोच म्हणजे बापासारखा’ म्हणालं की मी विचारते, कोणता बाप, नाव सांगा.”

वहिनींनी स्वतः मुलं ठेवली आहेत. बिलेट म्हणतात इथं त्याला. खेळाडू पंधराशे-दोन हजार किलोमीटरवरून येतो, सोळा वर्षांचा, आणि मोसमभर एखाद्या घरात राहतो. शाळा तिथलीच, जेवण तिथलंच, आणि रात्री दोन वाजता बस आली की दार उघडायला कोणीतरी जागं. घराला थोडे पैसे मिळतात, ते पोरांच्या दुधातच जातात. वहिनींकडे राहिलेल्या एकाला पोह्यांची एवढी सवय लागली की त्याची आई ब्रिटिश कोलंबियातून फोन करून कृती विचारायची. आणखी एक जण मोसमाच्या मध्येच दुसऱ्या टीमला दिला गेला. सकाळी फोन आला, दुपारी त्याची बॅग भरून दारात. “अठरा वर्षांचं पोट्टं, परीक्षा तोंडावर, अन् त्याला बदलीचा हुकूम. आपल्याकडे कलेक्टरला तरी चार दिवस देतात.”

मी हंबोल्टबद्दल विचारलं नव्हतं. पण त्या स्वतःच बोलल्या. 6 एप्रिल 2018. धाकट्या लीगमधले हंबोल्ट ब्रॉन्कोज, प्लेऑफच्या सामन्याला निघालेले. टिसडेल गावाजवळच्या चौरस्त्यावर एक मालट्रक थांबा न पाळता आडवा आला. बसमधले सोळा गेले, तेरा जखमी झाले. देशभर लोकांनी रात्री घराच्या दाराबाहेर हॉकी स्टिक ठेवल्या. वहिनींनीही ठेवली होती, त्यांच्याकडच्या एका पोरानं विसरलेली. ट्रक चालवणारा भारतातून आलेला, कॅलगरीत राहणारा तरुण होता. त्यानं सगळे आरोप मान्य केले, वकिलाला खटला लढवू दिला नाही. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. शिकवण्याचे पुरेसे तास न देता अशा मुलांच्या हाती अवजड गाड्या दिल्या जातात, हे नंतर सगळ्यांना आठवलं आणि सस्कॅचेवाननं 2019 मध्ये ट्रकचालकांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. “त्या आठवड्यात मी दुकानात जाताना खाली मान घालून गेले,” वहिनी म्हणाल्या. “कोणी एक अक्षर बोललं नाही हो. उलट शेजारच्या बाईंनी येऊन मला मिठी मारली, तुमचं पोरगं खेळायचं नं, म्हणून.”

थोडा वेळ आम्ही डास मारले.

मग मीच विनिपेगचं काढलं. त्यात वहिनींना रंग चढतो, कारण तिथे रडण्यासारखं काही नाही, फक्त मालक आहेत. एड चिनोवेथ नावाचे गृहस्थ दोन दशकांहून अधिक काळ ह्या लीगचे अध्यक्ष. एवढे मोठे की आज अजिंक्यपदाचा कप त्यांच्या नावाचा. त्यांनी निवृत्तीनंतर स्वतः टीम काढली, एडमंटनला, 1996 मध्ये, आइस नावाची. दोन वर्षांत ती हलवली, रॉकी पर्वतातल्या क्रॅनब्रूकला. “आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिऱ्हाडांवर सह्या केल्या, अन् स्वतःचंच हललं!” तिथे 2002 मध्ये मेमोरियल कपही आला. नंतर टीम विकली गेली, नव्या मालकांनी 2019 मध्ये ती विनिपेगला नेली, मोठं रिंक बांधू म्हणाले. रिंक काही झालं नाही. पोरं विद्यापीठाच्या छोट्या रिंकमध्ये खेळत राहिली. 2023 मध्ये तीच पोरं ब्लेड्सना हरवून लीगच्या फायनलला पोचली, आणि फायनल झाल्यावर महिनाभरात टीम विकून टाकली, सफरचंदांच्या गावाला, वॉशिंग्टनमधल्या वेनाचीला.

“पोरांना विचारलं?”

“पोरांना काय विचारायचं! त्यांना पगार तरी देतात का? हातखर्च. अन् खेळलेल्या प्रत्येक मोसमामागे एक वर्षाची कॉलेजची फी. ते चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण 2014 मध्ये काही माजी खेळाडूंनी खटला भरला, आम्ही कामगार आहोत, किमान वेतन द्या. तर आपल्या सस्कॅचेवान सरकारनं काय केलं? हे कामगारच नाहीत असा नियम केला. शेवटी 2020 मध्ये तीन कोटी डॉलरची तडजोड झाली, कॅनडातल्या तिन्ही मोठ्या ज्युनियर लीग मिळून.”

मी म्हटलं, पैसे दिले तर स्विफ्ट करंटसारखी सतरा-अठरा हजार वस्तीची गावं टीम कशी सांभाळणार? वहिनींना हा प्रश्न आवडला नाही. त्यांच्या मते ज्या गावाला बस परवडते, कोच परवडतो, जर्सी परवडते, त्याला पोरं परवडली पाहिजेत. मला ते पटलं, पण स्विफ्ट करंटचं काय होईल हे मात्र अजूनही डोक्यातून जात नाही. गावाच्या मालकीच्या टीमा आता मोजक्याच: स्विफ्ट करंट, मूस जॉ, प्रिन्स अल्बर्ट, लेथब्रिज. त्यांचा मालक रिंकवर भजी, सॉरी, हॉट डॉग विकताना भेटू शकतो. तो वेनाचीला जात नाही.

“आता तर पोरांनीच दार उघडलंय,” वहिनी म्हणाल्या. “आधी काय होतं, इथं खेळलं की अमेरिकेच्या कॉलेज हॉकीला कायमचं मुकायचं. पोरांना पंधराव्या-सोळाव्या वर्षी ठरवावं लागायचं, हे की ते. 2024 च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या कॉलेजवाल्यांनी ती बंदी उठवली, 2025 च्या ऑगस्टपासून लागू. लगेच मेडिसिन हॅटचा गॅव्हिन मकेना पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेटला गेला. युकॉनचं पोरगं. 2025 मध्येच त्यानं मेडिसिन हॅटला लीग जिंकून दिली, अन् गेला. मालक लोक रडताहेत.”

“आणि तुम्ही?”

“मी काऊन रडू? इतकी वर्षं टीमा पोरांना सोडून जात होत्या. आता पोरं टीमांना सोडून जातील.”

एवढ्यात आतून माझ्या सुनेची हाक आली. वहिनी तरी थांबेनात. 2025-26 च्या मोसमापासून पेंटिक्टन आलंय, तेविसावी टीम, ऐकलं का? व्हीज नाव. 2026-27 पासून चिलीवॅक. चिलीवॅककडून 2011 मध्ये काढून टीम व्हिक्टोरियाला नेली होती, त्याचा राग गावाला अजून आहे, आता पाहा कसे खेळतात ते.

“व्हीज म्हणजे काय?”

“पीच. पेंटिक्टनला पीचच्या बागा. व्हॅलियंट, व्हेटरन, व्हेडेट, तिन्ही व्ही वरून, म्हणून व्हीज. त्या नावाच्या जुन्या टीमनं 1955 मध्ये रशियाला हरवून जगज्जेतेपद आणलं होतं. मोठ्या माणसांची टीम ती, पण नाव तेच. त्यांचा सामना इथं असेल तेव्हा मी तिकिटं काढते, तुम्ही या.”

“तोवर मी सांगलीत असेन हो.”

“मग व्हिसा वाढवून घ्या. मूस जॉची तरी एक मॅच बघून जा. सत्तर किलोमीटर आहे फक्त, मी गाडी काढते. अन् स्वेटर दोन घाला, रिंकमध्ये बसून बसून गुडघे धरतात. मेथी नेताय का? उद्या तोडणारच आहे.”